पावशेरच्या खांद्यावरची म्हैस

मी एक जुनी अर्ध-स्वयंचलित रायफल आहे. मित्रांनो, पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकते. मी जड आहे. रिकामी असताना चार किलो तीनशे ग्रॅम. माणसं वजन चोरून सांगतात. मला ती सोय नाही, कारण ते माझ्या जन्माच्या कागदावरच लिहिलेलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाल्या, "बाळसं छान आहे हो!" ते कौतुक मी बरीच वर्षं जपून ठेवलं.

पुढे मी पहाऱ्यावर लागले. पहिल्या तासाला पहारेकरी म्हणे, "वा, काय दणकट चीज आहे!" तिसऱ्या तासाला तोच म्हणे, "ही वाढते की काय?" मी कशाला वाढू? पण गोळी सुटताना मी खांद्याला फारसा धक्का देत नसे, नेम ढळू देत नसे. त्यामुळे मला तिथे चांगलंच वजन होतं. मग प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या हलक्याफुलक्या रायफली आल्या आणि माझी रवानगी नव्या भरतीच्या मुलींना शिकवणाऱ्या केंद्रात झाली. तिथे माझं नाव पडलं म्हैस.

त्या तुकडीत एक काटकुळी मुलगी होती. तिला सगळ्या पावशेर म्हणत. दीड वर्षाचा मुलगा नणंदेकडे ठेवून ती नोकरीसाठी आली होती. पहिल्याच दिवशी उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारांनी, नेमकी मला तिच्या हातात दिली. त्यांनी "सलामी शस्त्र!" म्हटलं. सगळ्यांच्या रायफली वर गेल्या. मी वर गेले, तिथे थोडी रेंगाळले आणि पावशेरला घेऊन उजवीकडे कलंडले.

"उस्ताद, ही बाकीच्यांपेक्षा जड आहे," ती धूळ झटकत म्हणाली.

"सगळ्या सारख्या असतात. तू हलकी आहेस!"

पण ती हटणारी नव्हती. संध्याकाळी तिने शस्त्रागारातल्या काकांना गाठलं. काकांनी स्वयंपाकघरातून भाजीचा काटा मागवला. माझ्या शेजारणी चार किलो तीनशे भरल्या. मी भरले चार किलो तीनशे साठ.

"साठ ग्रॅम! म्हणजे एक बटाटा," काका म्हणाले. "बटाटा लपवलाय कुठे हिने?"

मग पावशेरने मला उघडलं. काय सांगू मित्रांनो, लाजेने माझं पोलाद पाणी पाणी झालं! कुणाकुणाच्या हाताखालची वाळू, घट्ट झालेलं तेल, चिंध्यांचे बोळे आणि एक वाळलेलं झुरळ. इतकी वर्षं मला कुणी पुसलं होतं ते फक्त वरून. सगळं निघालं तेव्हा माझा बटाटा उतरला होता. मला फार हलकं वाटलं. पावशेरला मात्र काडीचाही फरक वाटला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डावीकडे कलंडलो.

महिनाअखेरीला परीक्षा होती. मला घेऊन दहा किलोमीटर ठरलेल्या वेळात चालायचं. मी जमिनीला टेकले की नापास, आणि नापास झाली की थेट घरी. घरी परत जाऊन खाणार काय, हा प्रश्न ती कुणाला विचारत नसे. पण रात्री तिच्या तळहाताचे फोड सांगत.

रविवारी ती व्हरांड्यात मला पुसत बसली होती. नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तुमचा लेक अकरा किलोचा झालाय! पाच मिनिटं धरला तरी हात तुटतात. तुम्ही कसं त्याला दिवसभर वागवायचात?"

"वन्सं, असं लांब धरू नका हो. अंगाशी घ्यायचं. लांब धरलं की जड होतं, आणि..."

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मला उगाचच भीती वाटली.

सोमवारी तिने कोपर बरगडीला टेकवून मला छातीशी घेतलं. आम्ही कलंडलो नाही! फक्त उभ्याउभ्या ती किंचित डुलायला लागली. मग मला थोपटायला लागली.

"पावशेर!" उस्ताद गरजले. "रायफल आहे ती! झोपवतेस काय?"

"नाही उस्ताद. जागीच आहे ती!"

हसू आवरता आवरता तुकडीची रांग वाकडी झाली. उस्तादांनी तोंड फिरवलं; त्यांच्या मिशा हलताना मी पाहिल्या.

परीक्षेच्या दिवशी आठव्या किलोमीटरला माझ्या पट्ट्याची कडी तुटली. मी घसरले. जमीन वीतभर राहिली होती, तेवढ्यात तिने मला गुडघ्यावर झेललं आणि सरळ कडेवर घेतलं. दोन्ही हातांनी आवळून ती चालू लागली. थकली की कड बदले आणि पुटपुटे, "आलंच हं, आलंच." हे मला उद्देशून होतं की स्वतःला, कोण जाणे. आम्ही शेवटून दुसऱ्या आलो, वेळ संपायला चाळीस सेकंद असताना. धापा टाकत तिने आधी माझ्या नळीचं टोक बाहीने पुसलं, शेंबडं नाक पुसावं तसं. मग ती मटकन बसली. मी तिच्या मांडीवर.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही गोळीबाराच्या मैदानावर गेलो. पावशेरने पहिल्यांदाच माझ्यात पाच खऱ्या गोळ्या भरल्या, मला उचललं आणि पुन्हा एकदा तोलून पाहिलं.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"जड झाली, उस्ताद."

"पाच गोळ्यांनी? सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाहीत त्या."

"असतील. पण जड झाली."

मला वाटलं, आता उस्ताद हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी सगळ्या तुकडीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ही काय म्हणाली ते ऐकलंत? ज्या दिवशी भरलेली रायफल तुम्हाला हलकी वाटेल, त्या दिवशी ती काकांकडे जमा करा आणि घरी जा."

पावशेरचे पाचपैकी तीन नेम लागले. दोन बाजूच्या मातीत गेले. त्यात माझा दोष नव्हता, असं माझं मत आहे.

मित्रांनो, आता मी शस्त्रागारात कुलपाआड असते. काका महिन्यातून एकदा मला उघडून आतून पुसतात. तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. एखादी वस्तू तुमच्या हाती सोपवली, तर ती आतूनही पुसा. आणि माझ्यासारखी कुठे उघड्यावर पडलेली दिसली, तर हात लावू नका. पळत जाऊन मोठ्या माणसाला बोलावून आणा. मला उचलून बघायची हौस आली, तर चार किलो बटाट्यांची पिशवी उचला. त्याने हात दुखतील, पण कुणाचं वाईट होणार नाही, आणि वर भाजीही होईल.