माझ्या पोटातली गुंडाळी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. मला तीन पाय आहेत. चौथा तुटलेला नाही, तो मुळात नव्हताच. हे आधीच सांगतो, कारण सान मेलितोनच्या क्लबात येणारा प्रत्येक नवा माणूस त्या चौथ्या पायाबद्दल हळहळतो आणि मला ते खोडून काढता येत नाही. मला काहीच बोलता येत नाही. एवढी मोठी पेटी, एवढ्या तारा, पण स्वतःहून एक सूर निघत नाही. कोणी बोट ठेवलं तर वाजतो, कोणी कोपर ठेवलं तरी वाजतो. आवडनिवड करण्याची सोय माझ्यात कोणी केलेलीच नाही.

माझा जन्म राजधानीत, मोंतेविदेओच्या बंदरापाशी एका कारखान्यात झाला. ज्यांना घरात संगीत हवं होतं पण शिकायचा कंटाळा होता, अशांसाठी तिथे कागदाच्या गुंडाळ्या बनत. गुंडाळीला भोकं असत. यंत्राच्या पियानोत ती घातली की कागद सरकत जाई, आणि भोक आलं की त्या सुराची पट्टी आपोआप खाली जाई. मीही तसाच पियानो. भोक आलं की सूर द्यायचा, नाही आलं की गप्प बसायचं. पण माझ्याकडे आणखी एक काम होतं. माझ्या प्रत्येक पट्टीला एकेक पेन्सिल जोडलेली होती. कोणी मला वाजवलं की त्या पेन्सिली सरकत्या कागदावर रेघा मारत, आणि त्या रेघांवरून इलारियो नावाचा म्हातारा कारागीर सुरीने भोकं कापत असे. म्हणजे ऐकणारा मीच आणि तेच पुन्हा वाजवून दाखवणाराही मीच. कोर्टात माझ्याइतका पक्का साक्षीदार मिळाला नसता. फक्त मला जिना चढवणार कोण, हा प्रश्न होता.

एका हिवाळ्यात एतेल्विना बारेइरो नावाची एकोणीस वर्षांची मुलगी गुंडाळ्यांसाठी वाजवायला आली. सान मेलितोन गावाहून, आगगाडीने, मांडीवर मेंब्रियो फळाच्या गोड वड्यांचा डबा घेऊन. लहानपणी घोड्याने हातावर पाय दिल्यामुळे तिच्या डाव्या हाताची करंगळी जरा वाकडी होती. त्यामुळे खालचा सूर केसभर उशिरा पडायचा. सगळे पानावर बसल्यावर घरातला शेवटचा माणूस हात पुसत येतो ना, तसा. आणि तो आला की पंगत भरल्यासारखी वाटायची.

तिने दहा दिवसांत बारा गुंडाळ्या वाजवल्या. त्यात नाचाच्या लयीतला एक वॉल्ट्झ होता. मी पुष्कळांची बोटं सोसली आहेत, पण तो वॉल्ट्झ वाजत असताना माझ्या पेन्सिलींची टोकं मोडली नाहीत, एवढंच सांगतो.

चुकलेल्या भोकावर इलारियो कागदाचं ठिगळ चिकटवून योग्य जागी नवं भोक पाडत असे. हीच त्याच्या धंद्याची रीत होती. मालकांनी तिच्या गुंडाळ्या पाहिल्या आणि विचारलं, "हा खालचा सूर सगळीकडे मागे पडलाय. ठिगळ का लावलं नाही?"

"मालक, वीस वर्षं ठिगळं लावतोय. चूक असती तर हात आपोआप डिंकाकडे गेला असता."

"मग काय आहे ते?"

"ते मला सांगता येत नाही. पण मी त्याला हात लावणार नाही."

मालकांनी जास्त ताणलं नाही. त्यांना वेगळीच चिंता होती. "सान मेलितोनची एतेल्विना बारेइरो असं गुंडाळीच्या तोंडावर छापलं तर कोण घेईल? लोक म्हणतील, ही गाई राखत असेल."

"राखतेही," इलारियो म्हणाला.

"बघा."

तेव्हा गुंडाळीवर 'काउंट ओस्ट्रोव्स्की, वॉर्सा' असं छापलं गेलं. असा कोणी काउंट नव्हता. मिशांसकट त्याचं चित्र मात्र काढून घेतलं. आणि पुढेमागे पोरीने विचारू नये म्हणून तिला एक पत्र गेलं: आपलं वादन वापरण्याजोगं निघालं नाही, गुंडाळ्या नष्ट केल्या आहेत, कळावे. मित्रांनो, ते पत्र माझ्याच झाकणावर ठेवून लिहिलं गेलं. मालकांचं मनगट सहीला वळताना मला लाकडातून जाणवत होतं. मी काय करू शकत होतो? झाकण तर त्यांनी बंद केलं होतं.

पुढे रेडिओ आला आणि कारखाना बुडाला. मला, पोटातल्या त्या वॉल्ट्झच्या गुंडाळीसकट, कासिमिरो बेंतांकोर नावाच्या माणसाने उचललं. तो शिवणयंत्रं विकत गावोगाव फिरायचा. संगीत त्याला कळत नसे, पण खांद्यापर्यंत केस होते आणि बोटं लांबसडक होती. लोक त्याला विचारत, तुम्ही वाजवता का हो? शंभरदा हा प्रश्न आल्यावर तो कंटाळून 'हो' म्हणाला. माझ्या मते त्याचा गुन्हा एवढ्यापासूनच सुरू झाला.

त्याने माझ्या पोटात विजेची मोटर बसवली, गुंडाळी दिसते ती खिडकी काळ्या लाकडाने बुजवली आणि स्वतःचं नाव माएस्त्रो झोल्तान ठेवलं. काउंटच्या मिशांवर त्याने आपलं छापील नाव चिकटवलं. खोट्यावर खोटं नीट बसतं, डिंकही कमी लागतो. मग तो समोर बसायचा, गुडघ्याने कळ दाबायचा आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवरून हात फिरवायचा. रिकाम्या पाळण्याला झोका द्यावा तसं.

मला वाटलं, हे पहिल्याच गावात उघडकीला येईल. पहिल्या गावात त्याला शिंक आली. त्याने दोन्ही हातांनी खिशातून रुमाल काढला, नीट नाक पुसलं, घडी घालून परत ठेवला. वॉल्ट्झ चालूच होता. आता झालं, असं मी म्हणतोय, तोवर पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात सराव."

दुसऱ्या एका गावात लाकडाच्या गिरणीचा करवत सुरू झाला की विजेचा दाब उतरायचा. करवत फिरला की माझी मोटर मंदावे आणि वॉल्ट्झ रांगू लागे, थांबला की पुन्हा धावे. तिथल्या वर्तमानपत्राने लिहिलं की, माएस्त्रोंच्या लयीत नियतीचा हात जाणवतो. नियतीच्या जागी करवतवाला होता. त्याला तिकीट मिळालं नव्हतं म्हणून तो कामावर गेला होता.

असे हिंडत आम्ही एका ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, सान मेलितोनला आलो. क्लबाचे अध्यक्ष सेन्योर आब्दोन यांचं औषधांचं दुकान होतं. मला मंचावर चढवून झाल्यावर ते 'माते' नावाच्या कडू चहाचा पोकळ भोपळा हातात घेऊन नळीने चहा ओढत माएस्त्रोंना म्हणाले, "योग चांगला आहे. पुढच्या शनिवारी आमच्या एतेल्विनाबाईंचा कार्यक्रम आहे. अर्ध्या गावाला शिकवतात, पण लोकांसमोर कधी बसल्या नाहीत. पंधरा वर्षं मागे लागलो, तेव्हा आत्ता कुठे हो म्हणाल्यात."

"का बसल्या नाहीत?" कासिमिरोने उगाच विचारलं.

"तरुणपणी राजधानीहून कसलं तरी पत्र आलं होतं म्हणतात. तेव्हापासून धसका घेतला."

माझ्या तारा थंडीने ताणल्या गेल्या, असं सगळ्यांना वाटलं.

कार्यक्रमाला ती तिसऱ्या रांगेत होती. चौतिशीची झाली होती, केस मागे घट्ट बांधलेले. कळ दाबली गेली, कागद सरकला, भोक आलं आणि मला तो वॉल्ट्झ वाजवावा लागला. तिचाच तिला. तिने तो बाहेरून कधी ऐकला नव्हता. आपला आवाज आपल्याला परका वाटतो, तसे आपले हातही वाटत असणार. डावीकडचा सूर उशिरा पडला तेव्हा ती पुढे झुकली. तोच सूर पुन्हा आला तेव्हा तिने आपली वाकडी करंगळी दुसऱ्या हाताने झाकून घेतली.

आणि मध्येच गावाची वीज गेली. दिवे गेले, मीही गेलो. मिट्ट काळोखात कासिमिरो हात वर धरून बसून राहिला. पाच मिनिटांनी वीज आली, आणि मी जिथे थांबलो होतो तिथूनच, अर्ध्या सुरापासून पुढे सुरू झालो. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मध्यंतरात आब्दोन म्हणाले, "आपल्याला हात दिसणार नाहीत म्हणून माएस्त्रो थांबले. माणूस सभ्य आहे."

"पण अंधारात थांबायचं कारण काय?" एतेल्विना हळूच म्हणाली. "हात काय डोळ्यांनी वाजवतात? मी कंदील विझल्यावरही वाजवते."

"तुमचं निराळं हो, बाई. तुम्हाला बघायला कोण आलेलं असतं?"

ते चिडवायचं म्हणून बोलले, मनात काही नव्हतं. पण त्या क्षणी तिच्या मनात शंका शिरली होती, आणि आमच्या एवढ्या गावांत पहिल्यांदाच कोणाच्या तरी मनात ती शिरली होती. मी तिच्याकडे बघत होतो. म्हणजे, मंचावर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी क्लबात आली. कासिमिरो माझ्या झाकणावर ताट ठेवून तळलेल्या पुऱ्या खात होता.

"माएस्त्रो, एक विचारू? तो खालचा सूर तुम्ही मुद्दाम उशिरा टाकता का?"

कासिमिरोने पुरी चावली. उशिराचं त्याला काही माहीत नव्हतं. "तुम्हीच वाजवून दाखवा," तो म्हणाला. कोणी काही विचारलं की त्याचं हेच ठरलेलं उत्तर असायचं. विचारणारा बहुतेक घाबरून निघून जाई.

ती बसली. मित्रांनो, पंधरा वर्षांनी तेच हात आले. तोच वॉल्ट्झ, तीच करंगळी, तोच केसभर उशीर. आदल्या दिवशी मी जे वाजवलं होतं आणि आता ती जे वाजवत होती, त्यात फरक एवढाच होता की आता मी खरा होतो. पेन्सिली केव्हाच काढून टाकलेल्या होत्या, नाहीतर रेघेवर रेघ बसवून दाखवली असती. पोटात गुंडाळी होती, मोटर होती, पण कळ कासिमिरोच्या गुडघ्याची, आणि गुडघा दुसऱ्या खुर्चीवर होता.

वाजवून झाल्यावर ती त्याच्याकडे बघत राहिली. खोटं पकडायला आलेली बाई आता निकाल ऐकायला थांबली होती. हे कधी घडलं ते मलाही कळलं नाही.

गावोगावच्या शिक्षिकांसाठी कासिमिरोने एकच सल्ला पाठ केला होता. कारण तो कोणालाही लागू पडतोच. त्याने बोटं पुसली आणि म्हणाला, "डावा हात, सेन्योरिता. डाव्या हाताकडे लक्ष द्या."

तिने आपल्या करंगळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही करता ती कला, आणि मी करते ते व्यंग. मला माहीत होतं. आधीही कळवलं होतं मला." तिने माझं झाकण हळूच बंद केलं, त्याला म्हणाली, "आभारी आहे," आणि गेली.

त्या शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला. आब्दोनांनी कारण विचारलं तर म्हणाली, हात दुखतोय. महिन्याभरात दारावरची शिकवणीची पाटीही उतरली. कासिमिरोचंही फार काळ चाललं नाही. गावातल्या विजेच्या खालीवर होणाऱ्या दाबाने माझी मोटर जळाली. दुरुस्तीला माणूस घेऊन येतो, असं सांगून तो गेला तो गेलाच. मी क्लबातच राहिलो.

मग पंचवीस वर्षं गेली. माझ्यावर चहाचे भोपळे, पत्त्यांचे डाव आणि एकदा एक अख्खी भाजलेली कोकराची तंगडी ठेवली गेली. तक्रार नाही. वाळवी लागली तेव्हा सुताराने पुढचं काळं लाकूड काढलं, आणि आत गुंडाळी आणि मोटर दिसली. वीजवाल्याला बोलावलं. त्याने मोटरला नवी तार गुंडाळली आणि कळ दाबली. समोर कोणी नसताना माझ्या पट्ट्या खाली जाऊ लागल्या.

मग कोणीतरी फुसकन हसलं. आब्दोन आता फार म्हातारे झाले होते. ते म्हणाले, "म्हणजे मी मोटरला हार घातला." गावभर हसू पिकलं. झोल्तान लबाड होता, हे अखेर सगळ्यांना कळलं. मला वाटलं, आता सुटलो.

एतेल्विनाला निरोप गेला. ती आली, साठीला टेकलेली, काठी घेऊन. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि वॉल्ट्झ पूर्ण ऐकला. वीजवाल्याने गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. झोल्तानचं नाव नखाने निघालं, खाली मिशांचा काउंट निघाला, आणि कोपऱ्यात त्या कारखान्याचा शिक्का.

"हा खरा वाजवणारा बघा," ती म्हणाली. तिने त्या शिक्क्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "या कारखान्यात मीही एकदा वाजवलं होतं. माझ्या गुंडाळ्या त्यांनी फेकून दिल्या."

"अरेरे," आब्दोन म्हणाले.

"अरेरे कशाला? बरोबरच केलं. त्यांच्याकडे असं वाजवणारी माणसं होती." आणि ती अगदी मनापासून, कसलाही कडवटपणा न ठेवता म्हणाली, "लावा पुन्हा एकदा."

वीजवाल्याने कळ दाबली. भोक आलं, आणि मी सूर दिला.

अजूनही दर रविवारी ती येते आणि मी तिला तिचंच ऐकवतो. म्हणून, मित्रांनो, एक मागणं आहे. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पायही मोजत बसा. पण कोणी काही जीव ओतून केलेलं तुमच्या हाती आलं, तर त्यावर त्याचं नाव लिहा, आणि ते त्याला दाखवा. आम्हा वस्तूंना सगळं माहीत असतं. आम्हाला फक्त लिहिता येत नाही.