छपरावरचा अँटेना

थोरल्याची गाडी महिन्यात तिसऱ्यांदा रस्ता चुकली, तेव्हा वहिनीनं फिटरला बोलावून घेतलं. फिटर म्हणजे तिचा धाकटा दीर. वयानं बावन्न, पण थोरला त्याला अजून बारक्याच म्हणायचा. फिटरचा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेला होता. थोरला एकतीस वर्षं स्वतःच्या व्हॅनमधून औषधांची खोकी दुकानोदुकानी पोचवत होता. शहर त्याला तोंडपाठ. तरी वर्षभरापूर्वी त्यानं आपणहून जीपीएस बसवून घेतलं, तेव्हा फिटरला जरा नवलच वाटलं होतं.

"मशीन खुळं झालंय, बारक्या," थोरला म्हणाला. "भलतीकडंच नेतं."

फिटरनं समोरची काच पाहिली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ऊन अडवणारी फिल्म लावलेली होती, तीही धातूची. तिच्यामागं ठेवलेल्या मशीनला आभाळ दिसणार कुठून? दुखणं मशीनचं असेल तर औषध त्याच्याकडं होतं. बाहेरून अँटेना बसवायचा, की झालं.

दुकानातून त्यानं दोन अँटेने आणले. एक स्क्रूनं पक्का बसणारा, दुसरा चुंबकाचा. पहिल्यासाठी छपराला भोक पाडावं लागणार होतं. थोरल्यानं साफ नकार दिला. म्हणाला, एकतीस वर्षांत या गाडीत पाण्याचा थेंब गेलेला नाही. मग चुंबकाचाच ठरला. मागची पेटी फायबरची, तिथं चुंबक धरत नव्हता. फिटरनं केबिनच्या पत्र्यावर मधोमध जागा पुसून घेतली, कॅरिअरच्या लोखंडापासून चांगली वीतभर लांब, आणि अँटेना ठेवला. वायर दाराच्या रबराखालून आत घेतली, कुठं दबू दिली नाही, मोडू दिली नाही. दारापाशी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न येता तिथूनच गळून पडेल. मशीन चालू केलं. मिनिटभरात सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. इतकं चोख काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

दोघं निघाले. पहिली दोन दुकानं बिनबोभाट झाली. थोरला खुशीत येऊन जुन्या मालकाची नक्कल करायला लागला, फिटर हसता हसता ठसकला. तिसऱ्या चौकात मशीन म्हणालं, डावीकडे वळा. पडद्यावरचा बाण रस्त्यावर अगदी नेमका होता, तसूभरही इकडंतिकडं नाही. थोरला सरळ गेला. मशीननं नवा रस्ता काढला आणि पुन्हा डावीकडे सांगितलं. थोरल्यानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरच्या आपल्या दोन्ही हातांकडं तो बराच वेळ बघत राहिला.

"बारक्या, डावं म्हणजे कुठलं रे?"

फिटरनं त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला. "हे, दादा."

"हां, हे," थोरला म्हणाला आणि वळला. पुढच्या वळणावर त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसताच थांबला. मागून हॉर्न वाजत राहिले. मग फिटर खाली उतरला, वळसा घालून चालकाच्या बाजूला आला आणि गाडी त्यानंच घरी आणली.

वहिनी दारातच उभी होती. अँटेनात काही खोट नाही, असं फिटरनं तिला हळूच सांगितलं. तिनं नुसती मान हलवली. डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, म्हणाली. दुखणं वाढतच जाणार, आणि त्यावर इलाज नाही.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"म्हटलं, एकदा मशीन तरी बघून घ्यावं," ती म्हणाली.

त्याच्या हातातली किल्ली तिनं काढून घेतली आणि आत गेली.

थोरला गाडीभोवती चक्कर मारून आला. सिग्नल अजून कमी पडतोय, अँटेना जरा पुढं घे, असं त्यानं फर्मावलं. फिटर मुकाट्यानं शिडी चढला, अँटेना चार बोटं पुढं सरकवला, वायर पुन्हा नीट केली. खाली थोरला चालकाच्या जागेवर जाऊन बसला. किल्लीच्या जागी त्यानं हात नेला, मग शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा.

"बारक्या, किल्ली तुझ्याकडं आहे का रे?"

फिटर छपरावरच राहिला. बसलेली वायर अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबत राहिला. उतरलं की त्याला उत्तर द्यावं लागणार होतं.