युद्ध संपेपर्यंत

जग कुठे आहे हे घडीवालीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपली वाळवणीची खोली कुठे आहे हे जगाला ठाऊक असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दूर कुठेतरी, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली तीन देश झाकले जातील अशा ठिकाणी, दोन सरकारांचं वाजलं. समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्टीत जहाजं अडकली. आणि आठव्या दिवशी सकाळी घडीवालीच्या बॉयलरने दोन उचक्या देऊन मान टाकली.

ती तडक गॅसकंपनीच्या कचेरीत गेली. तिथला साहेब म्हणाला, "परिस्थिती गंभीर आहे. यापुढे गॅस सकाळी सहा ते आठ."

"आणि वाढलेला भाव?"

"तो सध्या राहील."

"म्हणजे गॅस दोन तास आणि भाव चोवीस तास!"

साहेब हसला. त्याच्या पायाशी शेगडी रटरटत होती. परिस्थिती त्याच्या टेबलाच्या अलीकडे गंभीर होती, पलीकडे चांगली उबदार होती.

घडीवालीचा धुण्या-इस्त्रीचा कारखाना म्हणजे तीन खोल्या: एकीत धुणं, एकीत वाळवण, एकीत वाफेची इस्त्री. ती आणि हाताखालच्या दोघी. तिच्यासारखी चादरीची घडी गावात कुणाला जमत नसे. कडेला कड अशी लागायची की बोट फिरवलं तर कापेल असं वाटावं. घरोघरी धुण्याची यंत्रं आल्यापासून घरगुती कपडे बंद झाले होते. उरलं होतं एकच गिऱ्हाईक, चौकातलं हॉटेल. रोज दोनशे चादरी, दुपारी बाराच्या आत. दोनदा उशीर झाल्यावर हॉटेलच्या मॅनेजरने सांगून टाकलं, "बाई, आणखी एकदा चुकलात तर काम शहराबाहेरच्या मोठ्या लाँड्रीला देणार." म्हणजे कारखान्याला कुलूप आणि तिघी घरी.

दोन तासांच्या गॅसवर धुणं व्हायचं, घाईघाईत इस्त्रीही झाली असती. वाळवायचं कसं? थंडीचे दिवस, आभाळ कोंदलेलं. अंगणात टाकलेली चादर संध्याकाळी काढली तर सकाळपेक्षा ओली.

त्या दिवशी वर्तमानपत्राने मोठ्या अक्षरांत छापलं, 'जगाची घडी विस्कटली!'

"आणा म्हणावं माझ्याकडे," घडीवाली म्हणाली. "पण आठच्या आत. नंतर गॅस नाही."

उत्तर भिंतीत सापडलं. वाळवणीच्या खोलीची मागची भिंत आणि शेजारच्या बेकरीची मागची भिंत एकच होती. एका पहाटे ओली चादर खांद्यावर घेऊन ती हताश होऊन भिंतीला टेकली आणि दचकून बाजूला झाली. भिंत तापली होती. बेकरीवाल्याचाही गॅस गेला होता, म्हणून त्याने आजोबांच्या काळची, विटांनी बुजवलेली लाकडाची भट्टी पुन्हा उघडली होती. त्या भट्टीची पाठ म्हणजे हिची भिंत.

तिने दोघींना हाक मारली. दोऱ्या भिंतीलगत बांधल्या. सकाळी साडेपाचपर्यंत दोनशे चादरी खडखडीत वाळल्या.

आता यात एक अडचण होती. बेकरीवाला तिचा व्याही होता. त्याची मुलगी तिची सून. आणि गेली तीन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. लग्नात या गृहस्थाला भाषणाची हुक्की आली. चारशे माणसांपुढे उभा राहून म्हणाला, "आमच्या विहीणबाई चादरींच्याच नाही, माणसांच्याही घड्या घालतात! नवऱ्याची घालून कपाटात ठेवली, मुलाची घातली, आता माझ्या मुलीची पाळी!" माणसं खो खो हसली. घडीवालीच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याचे कपडे खरोखरच घडी घालून कपाटात होते. ती ताटावरून उठली नाही, रडली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने व्याह्याचा पाव बंद केला. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात राहायला गेले, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन मुकी माणसं उरली.

त्यामुळे ऊब तिने विचारून घेतली नाही. चोरली म्हणा. ती मात्र म्हणायची, "भिंत माझीही आहे. माझ्या बाजूला आलं ते माझं." मोठमोठे देश तेलविहिरींबद्दल हेच म्हणतात, फक्त त्यांच्या मागे फौजा असतात आणि हिच्या मागे दोन बायका होत्या.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला.

"बाई, चादरींना काय लावता तुम्ही?"

"साबण. का?"

"वास येतो."

"कसला?"

"ताज्या पावाचा! लोक डोळे उघडायच्या आधी नाश्त्याला धावतायत. जे कधी खाली उतरत नव्हते ते दोन-दोन वेळा वाढून घेतायत. नऊला पाव संपला माझा. आज तुमच्या शेजारच्या बेकरीतून आणखी मागवला. हे असंच चालू ठेवा, बरं का. पाहुणे खूश आहेत."

घडीवालीने फोन ठेवला तो कपाळाला हात लावून. चादरींना पावाचा वास येतो हे मॅनेजरने बेकरीत सांगितलं असणारच. आणि सांगितलं होतंच. शनिवारी पहाटे भिंत गार पडली होती. दगडासारखी. पलीकडून भट्टीचा आवाज नाही, ठोकण्याचा नाही, काही नाही. निर्बंध लागले.

सोमवारी हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. त्या दिवशी चादर चुकली तर सगळंच संपलं.

तिने सुनेला फोन लावला. "तुझ्या वडिलांनी माझी भिंत बंद केली."

"आई, मी तटस्थ आहे," सून म्हणाली. "तुमच्या दोघांत पडले तेव्हा दोन्हीकडून मार खाल्लाय मी."

"तटस्थ राहून फोन करता येतो ना त्यांना?"

अर्ध्या तासाने सुनेचा उलटा फोन. "बाबा म्हणतात, बंद केली नाही, लाकूड संपलंय. आता सगळ्या गावाला लाकूड हवंय, वखार रिकामी झाली. पण हे तुम्हाला सांगायचं नाही असंही म्हणाले."

घडीवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉटेलच्या मागे नव्या मजल्याचं काम चालू होतं. फर्निचर ज्या फळ्यांच्या खोक्यांतून यायचं त्यांचा ढीग तिथे कुजत होता. मॅनेजर रोज म्हणायचा, हे कुणीतरी उचला. आणि चादरी पोचवायला तिचा टेंपो तर रोज तिथे जायचाच.

त्याच दुपारी, तीन वर्षांनी पहिल्यांदा, दोन्ही परसांमधल्या कमरेएवढ्या कठड्यापाशी शिखर परिषद भरली. व्याही पिठाने पांढरा, विहीण साबणाने. मध्ये कठड्यावर फोन उभा केलेला, त्यात सून.

"विहीणबाईंना सांग," व्याही फोनकडे बघत म्हणाला, "की माझी ऊब न विचारता नेली."

"व्याह्यांना सांग, ऊब काय खिशात घालून ठेवणार होते?"

"सांग, भट्टी माझी आहे."

"सांग, भट्टी थंड आहे. थंड भट्टीला बेकरीवाले बाक म्हणतात. बसा म्हणावं त्यावर."

फोनमधून खुसखुस आली. "बाबा, आई, दोघं एकमेकांच्या समोर आहात. मला मध्ये घेऊन बॅटरी कशाला जाळता?"

शेवटी ठरलं. लाकूड घडीवालीचं, जाळ व्याह्याचा. भट्टी पहाटे तीनऐवजी साडेतीनला पेटवायची, म्हणजे सहाच्या गॅसशी वाळवणीचा मेळ बसेल. व्याह्याने पिठाच्या रिकाम्या पिशवीचा कागद फाडला आणि सुनेने सांगितलं तसं लिहून घेतलं.

"किती दिवस लिहू?" त्याने विचारलं.

"युद्ध संपेपर्यंत," घडीवाली म्हणाली.

"युद्ध संपेपर्यंत," त्याने लिहिलं, आणि खाली सही केली. मग घुटमळत म्हणाला, "आणि ते... लग्नातलं..."

"त्याचं काय?" तिचा आवाज इस्त्रीसारखा टेकला. "घेता शब्द मागे?"

व्याही लाल झाला. "शब्द म्हणजे काय पाव आहे, शिळा झाला की परत घ्यायला?"

"मग राहू द्या. लाकूड उद्या येईल."

सोमवारी वऱ्हाड उतरलं. चादरी साडेअकराला पोचल्या. वधूच्या मामाने म्हणे दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी चादरच चावली.

असं सगळं छान चाललं होतं तेव्हा एक दिवस चादरी पोचवून घडीवाली हॉटेलच्या दिवाणखान्यात पावतीसाठी थांबली होती. भिंतीवर टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर पांढऱ्या चादरींची रांग दिसली, जमिनीवर अंथरलेल्या. सवयीने तिच्या मनात आलं, काय ही अवस्था, एकीला तरी धड कड आहे का. मग एका चादरीखालून एक पाऊल दिसलं. लहान.

ती पावती न घेताच निघाली. गॅसकंपनीतला साहेब, जहाजं अडवणारे, भाव चढवणारे, टीव्हीवर रंगीत बाण काढून कोण जिंकणार ते सांगणारे, या सगळ्यांना एकदा एका रांगेत उभं करून प्रत्येकाच्या हातात एक-एक चादर द्यावी आणि म्हणावं, घाल घडी, असं तिला वाटलं. कुणाच्या अंगावरची ते बघून घाल.

दोन महिन्यांनी बातमी आली: तह झाला. जहाजं सुटली. दुसऱ्या दिवशी गॅस दिवसभर आला. भाव मात्र जिथे चढून बसला होता तिथेच बसला. त्याला उतरायला म्हणे परिस्थिती अजून पुरेशी निवळली नव्हती.

दुपारी व्याही कठड्याशी आला. हातात वर्तमानपत्र आणि तो पिठाच्या पिशवीचा कागद. चेहरा असा, जणू त्याच्याच देशाने शरणागती पत्करली आहे.

"संपलं," तो म्हणाला. आता मध्ये फोन लागत नव्हता.

"काय?"

"युद्ध. हे बघा छापलंय. आणि आपण लिहिलंय, युद्ध संपेपर्यंत. माझी सही आहे. शब्दाला जागणारा माणूस आहे मी." कागदाकडे बघत पुढे म्हणाला, "लाकडावरचा पाव लोकांना आवडायला लागला होता. पण तुमचं लाकूड बंद झालं तर माझी भट्टी बंद."

घडीवालीच्या हातातली चादर खाली आली. भट्टी बंद म्हणजे भिंत गार. वाढलेल्या भावात दिवसभर गॅस जाळून वाळवण करणं तिला परवडणारं नव्हतं. आणि ते परवडलं तरी चादरींना पावाचा वास कुठून आणणार? आता हॉटेलला दुसऱ्या कुठल्या चादरी चालतच नव्हत्या. मॅनेजरने तर खोल्यांच्या पाटीवर लिहून टाकलं होतं, 'ताज्या चादरी, भट्टीतून थेट'.

तिने वर्तमानपत्र घेतलं, न वाचता त्याची चार पदरी घडी घातली, कडेला कड, आणि परत दिलं.

"कुठलं युद्ध?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"कागदावर कुठलं लिहिलंय? नाव दाखवा."

व्याह्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "नुसतं युद्ध लिहिलंय."

"मग? त्या लोकांचं संपलं असेल. देव करो आणि संपलेलंच राहो. आपलं कुठे संपलंय? तीन वर्षं झाली, तुम्ही शब्द मागे घेतलेला नाही."

व्याह्याच्या डोक्यात ते अर्धंच शिरलं. माणूस मुळात भोळा, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "विहीणबाई, खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फार घाण बोललो. तुमच्या घरात दुःख असताना... रोज भिंतीकडे बघितलं की आठवतं. मी मनापासून—"

"खबरदार!" घडीवाली ओरडली.

"अहो, पण मी माफी—"

"तोंडातून शब्द काढाल तर बघा! या भांडणावर जगणारी माणसं किती आहेत माहीत आहे का? मी, त्या दोघी, तुमची बेकरी. माफी मागून सगळ्यांच्या पोटावर पाय देताय?"

व्याह्याने तोंड मिटलं. अर्धी माफी ओठांवर राहिली; ती गिळताना त्याचा कंठ हलला. ते तिने पाहिलं. एवढ्याने तिचं भागलं, पण तोंडावर तसं दाखवलं नाही.

"म्हणजे अजून बोलायचं नाही?" त्याने विचारलं.

"बोलायचं. भांडायचं. लाकूड उद्या सातला येईल. त्यात खिळे आहेत, बघून जाळा."

"आणि विहीणबाई," जाता जाता तो वळला, "पाव पाठवू का दोन? शत्रूला चालत असेल तर."

घडीवालीने ओली चादर झटकली. त्याच्या पिठाळ तोंडावर चार थेंब उडाले.

"चार पाठवा," ती म्हणाली. "आमच्या बाजूला तिघी आहोत, आणि एक ह्यांच्या कपाटापाशी ठेवायचाय."