नाव घेणारे मासे

आधी बाबांचा फायदा मांडू, कारण तळ्याकाठी जमलेल्या एवढ्या गर्दीत तो मांडायचं फक्त बाबांनाच सुचलं होतं. दर्शनाला येणाऱ्याने टोपलीभर धान्य आणायचं. त्यातलं अर्धं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तळ्यात, माशांना. उरलेलं अर्धं पंपाच्या खोलीत, पोत्यांत. पाण्यात पडणारं धान्य सगळ्यांना दिसायचं, त्यामुळे खोलीत जाणाऱ्याकडे कुणी पाहायचं नाही. त्यात राहायला जागा फुकट, दोन्ही वेळचं गरम जेवण, आणि येत्या रविवारी तळंच बाबांच्या नावे अर्पण व्हायचं होतं. भांडवल म्हणाल तर पांढऱ्या कपड्यांचा एक जोड आणि लवकर उठायची सवय.

चमत्कार मात्र बघण्यासारखा होता. फटफटायला लागलं की तळ्याचं पाणी हलायचं आणि इथून तिथून माशांची तोंडं वर यायची. सगळ्यांची उघडमीट एकसारखी चाललेली. बाबा काठावर उभे राहून हात उंचावायचे. "ऐका, लेकरं नाव घेताहेत." मग गर्दी कान टवकारायची, आणि नीट ऐकलं की खरंच 'बा, बा' असं ऐकू यायचं. माशाने तोंड उघडून मिटलं तर दुसरं काय ऐकू येणार? ऊन वर आलं की बाबा म्हणायचे, "जा लेकरांनो, आपापल्या कामाला लागा," आणि थोड्या वेळात सगळं तळं पुन्हा निवांत. चहावाल्याने टपरी उचलून काठावर आणली होती. त्याची भक्ती सगळ्यांत पक्की होती, कारण तिला रोज उकळी फुटत होती.

तळं दोघा भावांचं. धाकटा ट्रकवर असायचा, महिन्यातून एखाद्या दिवशी घरी. त्यामुळे त्याच्या वाट्याची काळजी त्याची बायको करायची. घरात, गावात, सगळे तिला धाकटीच म्हणत. गेल्या वर्षी शेती केंद्रावर तिथल्या बाईने भाताबरोबर मासे कसे वाढवायचे हे चार दिवस शिकवलं, तेव्हा धाकटी पुढच्या रांगेत बसली होती. तळ्याचं सकस पाणी भाताला द्यायचं, भाताचा कोंडा माशांना, एकाचा कचरा दुसऱ्याचा खाऊ. आणि केंद्राच्या बाईने पुन्हापुन्हा बजावलं होतं, रोपं विरळ लावा, माशांची पिल्लंही विरळ सोडा.

तिचे थोरले दीर मागच्या रांगेत होते. त्यांनी जन्मभर मूठ भरभरून दाट पेरलेलं. विरळ म्हटलं की त्यांना चिक्कूपणा आठवायचा. केंद्राने दिलेली पिल्लं बघून ते म्हणाले, एवढ्याशाने काय होतंय, आणि स्वतः आणखी आणून ओतली. हाताला बी टाकायची सवय, हाताने मासेही तसेच पेरले. तरी तळं तगलं, कारण पंप रोज चालायचा. तो तळ्याचं पाणी उचलून थोडं भाताला सोडायचा आणि बाकीचं उंचावरून पुन्हा तळ्यात धो धो पाडायचा.

बाबा आले आणि त्यांनी पहिली आज्ञा केली ती पंप बंद ठेवायची. यंत्राच्या घरघरीने लेकरांचं ध्यान मोडतं म्हणे. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांनी थोरल्या जावेकडे सांभाळायला दिली, आणि तिथेच त्यांनी घर जिंकलं. थोरलीला एवढ्या वर्षांत कुणी दोन शब्द विचारले नव्हते. आता आजूबाजूच्या बायका तिच्याकडे येऊन विचारायच्या, आज बाबा काय म्हणाले? ती सांगायची तेव्हा तिचा आवाजच वेगळा लागायचा. धाकटीला हे दिसत होतं, म्हणून बाबांवर ती हसली तरी थोरलीवर कधी हसली नाही.

एकदा भांडी घासताना तिने विषय काढला. "ताई, पंप बंद झाला तेव्हापासूनच मासे वर येतात. त्याआधी का नाही नाव घेतलं?"

"त्याआधी बाबा नव्हते."

"आणि पंप होता."

थोरलीने कढई आपटली. "केंद्रावर चार दिवस काय जाऊन आलीस, देवापेक्षा शहाणी झालीस."

"चारच दिवस गेले, पण कान बरोबर घेऊन गेले होते."

त्यानंतर दोघींमध्ये मिठाच्या बरणीपुरतंच बोलणं उरलं. पण धाकटीचा जीव खालीवर झाला तो दिरांच्या बेताने. रविवारी तळ्याबरोबर घरातलं बियाणंही अर्पण करायचं, पुढच्या पेरणीसाठी निवडून ठेवलेली सगळी पोती तळ्यात ओतायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मग पेरायचं काय, असं तिने विचारलं. बाबा मंतरलेलं बी देणार आहेत, थोडं मोल घेऊन, असं उत्तर आलं. ते मंतरलेलं बी म्हणजे पंपाच्या खोलीतली पोती, हे धाकटीला न सांगता कळलं. लोकांचंच धान्य, सतरा घरची भेसळ, लोकांनाच विकत. ती म्हणाली, घरच्या बियाण्यात अर्धं माझं आहे. दीर म्हणाले, अर्धं पुण्यही तुझंच आहे.

रविवारी आभाळ भरून आलेलं होतं. मासे नेहमीसारखे वर आले. गर्दीने नेहमीसारखे हात जोडले. दिरांनी पोती काठावर रचली आणि पहिल्या पोत्याचं तोंड सोडायला वाकले, तर धाकटी त्या पोत्यावर जाऊन बसली.

"ऊठ," दीर म्हणाले.

"भाऊजी, आधी मला टाका तळ्यात, मग बियाणं."

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, नवरा घरी नाही म्हणून ही सुटलीय. धाकटीने मान वळवून त्याला सांगितलं की नवरा घरी असता तर दुसऱ्या पोत्यावर तो बसला असता. बाबा मंद हसले. म्हणाले, अज्ञानी आहे, लेकरं तिला क्षमा करतील, आधी लेकरांना निरोप देऊ. आणि उन्हाची वाट बघत त्यांनी हात उंचावला. "जा लेकरांनो."

लेकरं गेली नाहीत.

"जा," बाबा पुन्हा म्हणाले, जरा जोरात. ऊन कुठेच नव्हतं. मासे तोंड वासून तिथेच. टपरीजवळ कुणीतरी खुसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

धाकटी उठली नाही. तिने बसल्या जागेवरून शेजारणीला विहिरीचं पाणी आणायला लावलं आणि ते या बादलीतून त्या बादलीत उंचावरून ओतायला सांगितलं, फेस येईपर्यंत, पुन्हापुन्हा. मग शेजारणीने ते घंगाळात भरलं आणि वर आलेले चार मासे जाळीने उचलून त्यात सोडले. मासे आडवे झाले, सावरले, कल्ले हलवत तळाशी गेले. तोंडं पाण्याखाली. घंगाळाभोवती डोकी गोळा झाली.

"बाबा," धाकटी म्हणाली, "यांना नाव घ्यायला सांगा."

बाबांनी घंगाळात पाहिलं. "यांना मुक्ती मिळाली."

"बादलीभर पाण्यात? मग तुमच्यासाठी टोपल्या कशाला वाहायच्या?"

आता हसू लपवायचं कुणाला सुचलं नाही. धाकटी मात्र हसत नव्हती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मासे नाव घेत नाहीत, श्वास घेताहेत. पाण्यात हवा विरघळलेली असते, तीवर ते जगतात. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ हवा सोडतं, अंधार पडला की तेच शेवाळ ती वापरतं. आपण मासे कोंबले दाट, वर रोज टोपल्यांनी धान्य ओतलं, ते तळाशी कुजतंय, तेही हवा खातंय. उजाडेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. ऊन पडलं की पुन्हा भरतं, म्हणून मासे खाली जातात. बाबांच्या सांगण्यावरून नाही. आज ऊन नाही, सांगून बघा."

बोलणं संपतंय तोच काठाजवळ एक मासा उलटा झाला. मग दुसरा. पांढरी पोटं दिसायला लागली. बाबा दिरांच्या कानाशी लागले, पण घाईत आवाज सांभाळता आला नाही. "पंप लावा आधी, सगळे मरतील."

दीर साधे माणूस. त्यांनी मोठ्यानेच विचारलं, "पण पंपाने ध्यान मोडेल ना?"

बाबांना पंपाचं काम काय हे ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे आता प्रत्येकाला आपापल्या टोपलीसकट समजत होतं.

किल्ली थोरलीच्या कमरेला होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मागितली नाही. थोरलीचा चेहरा उतरला होता. ती बाबांच्या समोरून चालत गेली, खोलीचं दार सताड उघडलं, आणि रचलेली पोती सगळ्यांना दिसली. तिने पंप सुरू केला. पाणी उंचावरून कोसळायला लागलं तसे उरलेले मासे त्या धारेखाली गर्दी करू लागले.

बाबा म्हणाले, जिथे विश्वास नाही तिथे चमत्कार होत नाही.

"बरोबर," धाकटी पोत्यावरून म्हणाली. "आम्हाला चमत्कार नको, पीक पाहिजे. निघा."

थोरलीने घराच्या दाराबाहेर त्यांची चप्पल ठेवली. टोपल्या ज्याच्या त्याने उचलून नेल्या, मिसळलेलं धान्य वाटून घेताना थोडी भांडणंही झाली. दिरांनी पुढच्या खेपेला पिल्लं मोजून सोडली, धाकटीच्या नजरेखाली, हात आवरताना तोंड वाकडं करत. भातही ओळीने विरळ लावला.

कुणी पाणी, मासे, दिवा, औषध असं काहीही तुमच्यापुढे आपल्या शब्दावर चालवून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एक गोष्ट हलवून बघा. ऊन नसताना होतं का? दुसऱ्या पाण्यात होतं का? बंद करायला लावलेलं यंत्र चालू केलं तर होतं का? विचारायला शिक्षण लागत नाही, चारचौघांत वेडं ठरायची तयारी लागते.

आता कुणी काय नुकसान भरलं, ते मांडू. अर्ध्याहून जास्त मासे मेले, ते खड्डा करून शेतात पुरले. दिरांचा गावातला शब्द हलका झाला. थोरलीकडे बायका यायच्या थांबल्या, आणि ते सगळ्यांत जड गेलं. धाकटी आता रोज तिच्याशी मुद्दाम बोलते, पण त्याने ते भरून निघत नाही. धाकटीला अजून काहीजण बाबाला हाकलणारी बाई म्हणतात. ती ओ देते. बाबांनी काहीच भरलं नाही. तेवढी वसुली बाकी आहे.