तीन कुलपांचं कपाट

“बेने इस्रायलांच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाला आज या खोऱ्यात कायमचं घर मिळालं,” असं डॉ. शुभांगी देवस्थळी अभ्यासकेंद्राच्या उद्घाटनाला म्हणाल्या आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या घरात दिवाळीपर्यंत अळिंबी पिकत होती. शहरातल्या एका हौशी गृहस्थाचं ते कोळवणातलं फार्महाऊस. अळिंबीचा धंदा बुडाला, तेव्हा त्यानं ते इतिहासाला देऊन टाकलं. वास दिला नव्हता, तो आपसूक आला.

केंद्र तिघांचं होतं. पुण्याच्या ज्यू मंडळींचा एक ट्रस्ट, शुभांगीबाईंचं कॉलेज आणि एक परदेशी प्रतिष्ठान. तिघांचं एकमेकांवर अपार प्रेम, त्यामुळे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी यावरच दोन बैठका झाल्या. तोडगा काढला हनोक अष्टमकरांनी. हनोककाका पौडचे निवृत्त पोस्टमास्तर. तालुक्यात बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, म्हणून ते आणि त्यांची बायको, बस्स.

“टपाल खात्यात तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे,” ते म्हणाले. “तुम्ही तिघं आहात, तीन करा.”

तीन कुलपं लागली. ट्रस्टची किल्ली काकांच्याच करगोट्याला आली.

कपाटात इस्रायलला निघून गेलेल्या घरांची प्रार्थनेची पुस्तकं होती. ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो जाळायचा नाही, रद्दीत घालायचा नाही. जीर्ण झाला की माणसासारखा पुरायचा, अशी त्यांची रीत. पुरू नका, इतिहासाला द्या, असं काकांनीच घरोघर जाऊन सांगितलं होतं. तिन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय पान हलणार नाही, असा शब्दही दिला होता. शेवटी त्यांनी बायकोचं, लेआबाईंचंही पुस्तक मागितलं.

“घेऊन जा,” लेआबाई म्हणाल्या. “पण मी गेले की माझ्याबरोबर द्यायचं. तोवर होईल तुमचा इतिहास वाचून.”

“तू कुठं चाललीस?”

कुठं ते फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी कळलं. वालपापडी मोडता मोडता गेल्या.

शुक्रवार म्हणजे पंचाईत. सूर्य मावळला की शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागतो, मग माती देता येत नाही. पुण्याहून मंडळी निघाली. मुलगा इस्रायलमधल्या अशदोदहून फोनवर नुसता रडला. शेजारच्या तुळजाबाईला लेआबाईंपाशी बसवून काका जीप करून कोळवणात आले.

शुभांगीबाई आपली किल्ली घेऊन उभ्याच होत्या. तिसरी प्रतिष्ठानाच्या चंद्रकांत मोकाशींकडे. केंद्राच्या फोनवरून ते एकदाचे लागले. मागं सनई वाजत होती.

“मेहुणीच्या लग्नाला कोल्हापुरात आलोय हो. किल्ली माझ्या जुडग्यात अगदी सुरक्षित आहे. सोमवारी येतोच की. घाई आहे का?”

“मला नाही,” काका म्हणाले. “तिला आहे.”

रखवालदार गेणबा पहार घेऊन आला. “मास्तर, बाजूला व्हा. दोन ठोक्यांत उघडतंय बगा. माणूस गेलंय, कुलपाचं काय कौतिक?”

“फोड,” शुभांगीबाई म्हणाल्या. “मोकाशींचं मी बघते.”

काका कपाटाला पाठ लावून उभे राहिले. “नको.”

“काका, वस्तू तुमचीच आहे.”

“म्हणूनच. आत लोकांच्या आयांची पुस्तकं आहेत. त्यांना सांगितलंय, कोणासाठी असं उघडणार नाही. आता माझ्याच बायकोसाठी फोडलं तर त्यांना काय सांगू?”

“त्यास्नी कोन सांगायला चाललंय?” गेणबा म्हणाला. “ते तिकडं सातासमुद्रापल्याड.”

“मी सांगेन. मला राहवायचं नाही.”

गेणबानं पहार भिंतीला टेकवली. “लई अवघड माणूस हाय,” असं तो पहारीलाच म्हणाला.

पाहुण्यांना चाळायला म्हणून लेआबाईंच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली होती. पहिली प्रत तिरकी आली, कडेची अक्षरं कापली गेली, म्हणून ती टेबलाखाली पडून होती. काकांनी ती उचलली. वर हिब्रू ओळ, खाली मराठी. एका पानाच्या कोपऱ्यात काळा डाग.

“शाई सांडली व्हय?” गेणबानं वाकून विचारलं.

“हळद आहे. शुक्रवारी तिला हात पुसायला वेळ नसायचा.” मशीननं हळद काळी केली होती, पण अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा उतरल्या होत्या. काकांनी त्यांच्यावर आपला अंगठा ठेवला आणि घाईनं काढून घेतला.

“ती खराब प्रत आहे, काका,” शुभांगीबाई हळूच म्हणाल्या. “चांगली देते ना.”

“चांगली ठेवा वाचायला. हिच्यावरही देवाचं नाव आहे. खराब झाली म्हणजे हिलाच पुरलं पाहिजे.”

पुण्याच्या दफनभूमीत उन्हं कलायच्या आत माती झाली. तिरकी झेरॉक्स लेआबाईंच्या उशाशी गेली. घरी काका प्रार्थनेत अडखळले की लेआबाई स्वयंपाकघरातून पुढचा शब्द फेकायच्या. इथं कद्दीश, मयतासाठीची प्रार्थना, म्हणताना ते अडखळले आणि सवयीनं थांबून राहिले. मंडळींना वाटलं, हुंदका आला असेल. मग कोणीतरी तो शब्द सांगितला.

फाटकाशी शुभांगीबाईंनी काकांसाठी गाडीचं मागचं दार अदबीनं उघडून धरलं होतं. बाईंचे डोळे सुजले होते.

“सोमवारी कपाट उघडलं की मूळ पुस्तक इथं आणू. मी तिघांची बैठक घेते.”

“राहू दे आता तिथंच. वाचणारी गेली.”

बाईंना रडू आवरेना. “कसलं हो केंद्र काढलं आपण, काका?”

काकांनी मागच्या सीटकडे एकदा पाहिलं.

“बाई, मी पुढं बसू का?” ते म्हणाले. “मागं मला गाडी लागते.”