भैरोबाहून उंच

आमच्या टेकवाडीत एकाही घराला माडी नाही. कन्नडहून जीपनं येताना गाव दिसतं ते सगळं बसकं, कुठं पत्रे, कुठं स्लॅब, पण जमिनीला धरून. गावामागच्या टेकावर आमचा भैरोबा आहे. त्याला देऊळ नाही की छप्पर नाही. दगडी वट्टा, शेंदूर आणि वर आभाळ. देव उघड्यावर राहतो, मग माणसानं माडीवर निजायचं नाही, हा गावाचा दंडक. कुणाच्या तरी आज्यानं माडी बांधली आणि त्याच साली तिच्यावर वीज पडली, ही गोष्ट नव्या सुनेची हळद उतरायच्या आत तिला सांगितली जाते. मलाही सांगितली. मी विचारलं, "खालच्या घरांवर वीज पडत नाही का?" त्यावर माझ्या सासूबाईंनी असं काही बघितलं, की मी निमूट भाकरी थापायला बसले.

सासूबाईंचं नाव चतुराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. भैरोबाचा दिवा आमच्या घराकडं आहे. सासरे गेल्यापासून तो आत्याबाईच लावतात. ऊन असो, थंडी असो, रोज टेक चढतात. देवाशी त्यांचं बोलणं असतं. माझ्याशी कमी असतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा माऊली, म्हणजे माझे यजमान. आमचं घर दोन खोल्यांचं. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला चुलत्यांची भिंत. लेकरं झाली तशी जागा पुरेना. वर एकच खोली काढायची म्हणून माऊलीनं स्लॅब टाकताना चार कोपऱ्यांना सळया मोकळ्या ठेवल्या होत्या. खिडकी कुठं, दार कुठं, सगळं आम्ही मनात बांधून ठेवलं होतं. एके दिवशी बाजारातून परत येतो तर लोहार शिडीवरून उतरतोय आणि चारही सळया वाकवून स्लॅबला टेकवलेल्या.

"सळई वर बघती म्हंजी माणसाची नीयत वर बघती," आत्याबाई म्हणाल्या. "देवाला दिसतंय समदं."

दुष्काळात गावातली पुष्कळ माणसं बाहेर पडली. विहिरी आटल्या, टँकरपुढं हंड्यांच्या रांगा लागल्या. पण आम्ही दुष्काळापायी गेलो नाही. माऊलीचं कन्नडला टायरचं दुकान होतं, ते बरं चाललं होतं. आम्ही एका खोलीपायी गेलो. हे मी आजही ठणकावून सांगते. माऊलीनं शहराजवळ शेंद्र्याला कारखान्यात नोकरी धरली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. आत्याबाई आल्या की खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसत. नातवंडांनी खाली जाऊन पाया पडायचं, मी खाली चहा न्यायचा. माऊली समजवायचा, "आये, आपला टेक या बिल्डिंगीपेक्षा लई उंच हाय." त्या म्हणायच्या, "देवाला मोजायला लावतू व्हय रं?" आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायच्या.

मग टेकावर पवनचक्क्या येणार अशी बातमी आली.

गाव पेटलं. पुढारपण काकासाहेबांनी घेतलं. पांढरी टोपी, खडा आवाज. ग्रामसभेत ते म्हणाले, "ही पाती ढग कापत्यात. आधीच पाऊस नाय, त्यात ह्या पंख्यानं ढग हाकलून दिले तर काय माती खाणार?" लोकांना ते पटलं. पाऊस न पडण्याचं कारण म्हणून काहीतरी समोर उभं राहिलं तर ते कुणाला नको असतं! पुढं पवनचक्कीवाल्या कंपनीचा रस्ता मोबदला देऊन काकासाहेबांच्या रानातून जायचा ठरला आणि त्यांचे ढग एकाएकी वितळले. बाकीचेही हळूहळू गप्प झाले. आत्याबाईंनी मात्र ढगांचं नावही काढलं नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, भैरोबाहून उंच काही उभं राहणार नाही.

त्यांनी मला फोन केला. आपणहून केलेला तो पहिलाच फोन. माझ्या प्रेरणा नावाची त्यांनी पहिल्यापासून पेरणाच केलेली. "पेरणा, ये. बाया घिऊन रस्त्यावर बसायचंय."

मी गेले. खरं सांगायचं तर थोडी चिडून गेले. मनात म्हटलं, माझी खोली अडवलीत, आता कंपनीला अडवून दाखवा.

सकाळी गावच्या वळणावर आम्ही पाचसात बायका बसलो. आत्याबाई मध्ये, मांडीवर देवाची कुंकवाची डबी. दुपार कलायला लागली तेव्हा पातं आलं.

मी शहरात राहते, मोठमोठ्या मशिनी जाताना बघितल्यात. पण असलं काही कधी बघितलं नव्हतं. आधी गाडीचं तोंड आलं, मग पातं येतच राहिलं. आमची आख्खी गल्ली संपली तरी त्याचं टोक बाभळीच्या मागंच होतं. पांढरंशुभ्र, कुठं सांधा नाही, माशाच्या पाठीसारखं गुळगुळीत. वाऱ्याची झुळूक आली आणि साखळदंडांनी आवळलेलं ते पातं हललं. हललं म्हणजे नुसतं थरारलं, आणि आतून बारीक घुमल्यासारखा आवाज आला. घोषणा देणाऱ्या बाया मागं सरकल्या. एकीनं तर हात जोडले.

गाडीबरोबर चिन्मय नावाचा तरुण इंजिनियर होता. वाकून म्हणाला, "आजी, उन्हात नका बसू. बोलू आपण."

"उभं ऱ्हायल्यावर किती उंच हुईल?" आत्याबाईंनी विचारलं.

त्यानं टेकाकडं बोट केलं. "हा टेक आहे ना, त्यावर अजून एक असाच टेक ठेवला तर जेवढं होईल, तेवढं."

आत्याबाई उठल्या. पात्याला हात लावून चालायला लागल्या. बुडापासून टोकापर्यंत गेल्या, एकदाही हात न उचलता. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झालेला. भ्यालेला नाही, लहान झालेला.

"जाऊ द्या गाडी," त्या म्हणाल्या. "हे अडवायचं माझ्या हातातलं नाय. त्याला नको आसंल तर त्योच पाडील."

बाया उठल्या, गाडी गेली. आत्याबाईंचा शब्द पोकळ नव्हता, त्यांना खरोखर वाटत होतं की तो पाडील. मनोरा चढताना, क्रेन आभाळात डोकं घालून उभी असताना, त्या रोज दिवा लावून तिथंच बसून राहायच्या. वाट बघायच्या.

पहिली चक्की सुरू व्हायची त्या दिवशी सगळं गाव टेकावर जमलं. मीही गेले. माऊलीची ड्यूटी होती. पाती आधी नुसती उभी होती. मग एक जरासं खाली आलं, दुसरं वर गेलं, आणि काही कळायच्या आत आभाळातून सूं... सूं... असा श्वास ऐकू यायला लागला. जो वारा आमच्या डोळ्यांत धूळ घालत होता, पत्रे उडवत होता, तो पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होता. पात्यांच्या सावल्या माळावरून धावत येत होत्या आणि भैरोबाच्या वट्ट्यावरून, त्याच्या शेंदरी तोंडावरून एकामागून एक जात होत्या. काकासाहेबांनी टोपी काढली.

आणि सगळे आत्याबाईंकडं बघत होते.

त्या देवाकडं बघत होत्या. वीज पडली नाही. दिवासुद्धा विझला नाही. ऊन उतरलं, माणसं पांगली, आम्ही दोघीच राहिलो. चक्की फिरतच होती.

दिव्यात तेल घालून त्या म्हणाल्या, "एवढं डोक्यावर बसलं तरी त्यो बोलला नाय." आवाज अगदी बारीक होता. "माझ्या माऊलीच्या एवढ्याशा खोलीला बोलला आसता व्हय गं?"

कितीतरी वर्षं हे वाक्य मला त्यांना ऐकवायचं होतं. रात्र रात्र मी ते मनात घोळवलं होतं. आता ते त्यांच्याच तोंडून आलं आणि मला रडू फुटलं. मला जिंकायचं होतं. पण असं नाही.

आम्ही टेक उतरून खाली आलो. दारात पोचल्यावर त्यांनी शेजारची शिडी मागून आणली आणि भिंतीला लावली. स्वतःच्या घराच्या स्लॅबवर त्या कधीही चढल्या नव्हत्या. मी खालून शिडी धरली, मग मागोमाग चढले. चारही कोपऱ्यांत वाकवलेल्या सळया गंजून स्लॅबला चिकटल्या होत्या. आत्याबाईंनी एक धरून वर उचलून पाहिली. ती हलली नाही.

"दार कुठून काढलं आसतं?"

मी दाखवलं.

"आन खिडकी?"

मी टेकाकडची बाजू दाखवली. तिथून भैरोबाचा वट्टा दिसत होता, दिवा दिसत होता, आणि त्यावर फिरणारी ती तीन पाती. आत्याबाई पदर सावरून तिथंच खाली बसल्या, खिडकीपाशी बसावं तशा.

"लेकरांना वारा लई चांगला आला आसता इथं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच तिथं काढणार होतो."