बद्द वाजलेली बरणी

रिकामी बरणी हातात आली की मेणमावशी आधी ती चमच्याने वाजवायची. टण्ण झालं की बरणी धड. बद्द वाजली की कुठेतरी बारीक तडा आहे, आणि तडा गेलेल्या काचेत मेणबत्ती लावणं म्हणजे आगीला घरात बोलावणं. गल्लीतल्या घराघरांतून जॅमच्या, कॉफीच्या, कोल्ड क्रीमच्या बरण्या तिच्याकडे रिकाम्या यायच्या आणि मेणाने भरून परत जायच्या. अकरा वर्षांत एकही फुटली नव्हती, आणि त्याचा तिला कोण तोरा होता.

पण गेले दोन-तीन महिने तिचे कान दगा देत होते. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवली की निभायचं. फोनवरचं मात्र अर्धंमुर्धंच कळायचं, आणि उरलेल्याला ती ‘हो, हो’ म्हणून मोकळी व्हायची. हे तिने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारपासून लेक कामावर रुजू होणार होती आणि चार महिन्यांची नात दिवसभर मावशीकडे राहणार होती. जिला बाळाचं रडणं ऐकू येत नाही तिच्या भरवशावर बाळ कोण सोडील? तेव्हा मावशी तोंडाला कुलूप लावून बसली होती.

मागच्या आठवड्यात लेकीसाठी काढून ठेवलेली कॉफीची निळी बरणी तिने वाजवली, तर ती बद्द वाजली. आता हेही ऐकू येईना, संपलं सगळं, असं तिला वाटलं. बरणीत दोष असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. गडद निळ्या काचेत तडा काही दिसत नव्हता. तिने बरणी भरली, लेकीला दिली, आणि त्यानंतर चमच्याचं नावच काढलं नाही. नकोच ती परीक्षा.

आज दुपारी तारांच्या दुरुस्तीसाठी साऱ्या वस्तीची वीज बंद होती. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात डबा ठेवून मावशी जुन्या मेणबत्त्यांची थोटकं वितळवत होती. तेवढ्यात फोन थरथरला. लेकीचा होता. तुटक तुटक शब्द आले, निळी, बाळाच्या, आणि शेवटी चालेल ना.

“हो, हो, चालेल की,” मावशी सवयीने म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मेण ढवळायचा चमचा उचलताना तो ओट्यावरच्या बरणीला लागला. टण्ण!

मावशी जागच्या जागी थिजली. तिने शेजारची बरणी वाजवली. टण्ण. त्याच्या पलीकडची वाजवली, तीही स्वच्छ टण्ण. कानांना हे ऐकू येत होतं. म्हणजे निळी खरोखरच बद्द वाजली होती, आणि ती आत्ता बाळाजवळ कुठेतरी जळत होती.

तिने उलट फोन लावला. पलीकडे घंटा वाजतेय की कुणी बोलतंय, काही कळेना. “विझव ती!” ती दोनदा ओरडली, कुणाला ते देव जाणे. मग गॅस बंद केला, ओट्यावरचं फडकं तसंच मुठीत धरलं आणि पायांत चप्पल न घालताच निघाली. अर्ध्या जिन्यावर गॅस खरंच बंद केला ना, अशी शंका आली. जळू दे मेलं, म्हणत ती धावत सुटली. लेकीचं घर दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर होतं. तिच्या छातीचा भाता झाला होता आणि डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं.

लेकीने दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं. बाळ झोपलंय. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. पाळण्याच्या उशाशी, भिंतीतल्या फळीवर निळी बरणी जळत होती.

“मघापासून टिक-टिक करतेय ती,” लेक हळू म्हणाली. मावशी तिचे ओठ वाचत होती. “बाळाच्या उशाशी ठेवली तर चालेल ना, असं विचारलं तर तूच हो म्हणालीस. ऐक, अजून वाजतेय.”

मावशीने ऐकलं. काहीच नव्हतं, शांत खोली फक्त. तिने फुंकरही घातली नाही. फडक्याने बरणी उचलली, हात पोळत असताना तशीच बाहेर सज्जात नेली आणि फरशीवर टेकवली. हात काढते न काढते तोच बरणीची दोन शकलं झाली आणि कढत मेण तिच्या पायांच्या बोटांपर्यंत आलं.

लेक दचकली आणि एकदम वळून आत पळाली. ही का पळाली, मावशीला कळेना. तीही मागोमाग गेली. पाळण्यात नातीचं तोंड हे एवढं उघडलेलं होतं, चेहरा लालबुंद झाला होता.

लेकीने बाळ उचलून तिच्या हातात दिलं आणि झाडू घ्यायला वळली. मावशीने ते छातीशी धरलं. रडण्याने इवलंसं अंग गदगदत होतं, ते तिला हातांना कळत होतं. सोमवार तीन दिवसांवर होता. फळीवर बरणीच्या बुडातून झिरपलेल्या मेणाचा गोल डाग अजून ओला होता.

“मला ऐकू येत नाही गं,” ती म्हणाली. “फोनवर तू काय विचारलंस, तेही ऐकू आलं नव्हतं.”

लेक पाठमोरीच काहीतरी बोलली. मावशीला कळलं नाही, आणि या वेळी ती हो म्हणाली नाही. लेक वळली, पुढे आली आणि मावशीच्या हातांतून बाळ काढून घेतलं.